बरे असल्यास एक दाबा

माझ्या धाकट्या बहिणीला एका संस्थेनं फसवलं. संस्था मनाच्या आजारावर काम करते. तिचं कार्यालय नांदेडला आहे आणि तिची माणसं लातुरात यायची. फसवणूक पैशाची नाही. पैशाची असती तर मी ती एका दुपारी वसूल करून आणली असती. त्यांनी माझ्याशी एक सौदा केला, तोंडी. त्यांना हवं होतं ते त्यांनी घेतलं, आणि मला द्यायचं होतं ते द्यायच्या वेळी त्यांना विसर पडला.

मी मूळची नायगावकडची. लातुरात मुलींचं हॉस्टेल चालवते. क्लासेसचं पेव फुटलं, गावोगावचे आईबाप पोरींच्या ट्रंका घेऊन येष्टीतून उतरायला लागले, तेव्हा मी आधी नुसते डबे देत होते. पुढं दोन खोल्या भाड्याने घेतल्या, मग जागा, मग आपली इमारत. नवरा आधीच गेला होता, त्यामुळे अडवणारं कुणी नव्हतं आणि मदतीलाही कुणी नव्हतं. वाळूवाला, सळईवाला, टँकरवाला, सगळ्यांशी मी स्वतः भाव केला. माझ्या तोंडाला लागू नये असं बाजारात म्हणतात. म्हणोत. पण मी शब्द फिरवला असं एकही माणूस म्हणणार नाही. आमच्या धंद्यात चिठ्ठीचपाटी फार नसते. 'ठरलं' असं दोघांनी म्हटलं की ठरलं. त्या एका शब्दावर माझ्या दारात वाळूचे ट्रक येऊन उभे राहिलेत.

बहिणीचं लग्न वडिलांनी औशाकडच्या एका गावात करून दिलं होतं. दगडाचं घर, हातभर रुंद भिंती, वर मातीच्या छताचं जाड माळवद. सोयरीक बघायला गेले तेव्हा वडील त्या भिंतीवर हात थापटून म्हणाले होते, "घर पक्कं हाय." लग्नानंतर थोड्याच दिवसांनी, गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे भूकंप झाला. ती तांब्या घेऊन गावाबाहेर गेली होती म्हणून वाचली. परत आली तेव्हा घर नव्हतं आणि घरातली माणसंही नव्हती. याहून जास्त मी सांगू शकत नाही, कारण याहून जास्त तिनं मला कधी सांगितलं नाही. तिनं ते दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं. तेच तर मला लिहायचं आहे.

तेव्हापासून ती माझ्याजवळ राहते, पण पक्क्या छताखाली झोपत नाही. मी तीन मजली इमारत बांधली, स्लॅब पडायच्या दिवशी सगळ्या गल्लीला जेवण घातलं, आणि ही बाई अंगणात पत्र्याखाली बाज टाकून बसली. मी म्हटलं, "अगं, इंजिनियरनं पास केलेला स्लॅब आहे."

"असू दे की," ती म्हणाली. "पत्रा पडला तर टेंगूळ येतं, अक्का. स्लॅब पडला तर मानूसच येत न्हाई."

मी पत्र्याला दोन खांब वाढवून दिले. हॉस्टेलचा स्वयंपाकही तिथंच, पत्र्याखाली. पोरी तिला छोटी मावशी म्हणायच्या.

भूकंपानंतर जिपा खूप आल्या होत्या. भोंगे लावलेल्या, कापड वाटणाऱ्या, फोटो काढणाऱ्या. आल्या आणि गेल्या. ही संस्था मात्र बऱ्याच वर्षांनी आली आणि टिकली, म्हणून तिच्यावर माझा जीव बसला होता. महिन्यातून एकदा सरकारी दवाखान्यात डॉक्टर बघायचे आणि गोळ्या द्यायचे. आणि दर गुरुवारी संस्थेची एक ताई आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पिंजारी चाचांच्या दुकानासमोर कडुलिंबाखाली बैठक घ्यायची. माझ्या हॉस्टेलच्या सगळ्या गाद्या त्याच चाचांनी पिंजलेल्या. त्यांनी झाडाखालची जागा झाडून द्यायची आणि दुकानातली सतरंजी आणून टाकायची. माझ्या बहिणीसारख्या काही बाया त्या भागात होत्या. कुणाचं भूकंपाचं दुखणं होतं, कुणाचं घरातलं.

पहिल्या गुरुवारी ताईनं त्यांना गोल बसवलं आणि म्हणाली, "मनात काय आहे ते मोकळेपणानं बोला." बायांनी पदर तोंडाशी धरला आणि रस्त्याकडे बघत राहिल्या. दुसऱ्या गुरुवारीही तेच. तिसऱ्या गुरुवारी बहीण निघाली तेव्हा मीच तिला दारात अडवलं. "जायचं तर डाळ घेऊन जा. पोरी संध्याकाळी उपाशी बसतील आणि तुझी बैठक चालू राहील, हे मला चालायचं नाही." ती सूप आणि डाळीचं भगुनं घेऊन गेली.

झाडाखाली ती डाळ निवडत बसली. ताईनं थोडा वेळ बघितलं, मग सरकून जवळ आली आणि स्वतःही सुपात हात घातला. आणि माझी बहीण बोलायला लागली. मान खाली, डोळे डाळीवर, बोटं खडे शोधत. हे मला चाचांनी सांगितलं. ते दुकानात होते, ऐकू नये म्हणून त्यांनी पिंजायचं यंत्र चालू केलं. "बाई, उनकी आवाज मैं पहली बार सुना," ते म्हणाले. "इत्ते साल से मेरे सामने से जाते थे, मैं समझा गूंगे हैं."

पुढच्या गुरुवारी सगळ्या बायांनी सुपं आणली. कुणी गहू, कुणी शेंगा फोडायला. आमच्याकडे रिकाम्या हातानं कुणी मनातलं बोलत नाही. रिकाम्या हातानं बसलेली बाई म्हणजे पाहुणी, आणि पाहुणीनं चांगलंच बोलायचं असतं. हे ताईला एका सुपानं कळलं. तिच्या साहेबांना अजून कळलेलं नाही.

आणखी एक गोष्ट ताई शिकली. आमच्याकडे "कसं हाय?" असं कुणी विचारलं की "बरं हाय" म्हणायचं असतं. मरणाच्या बाजेवरचा माणूसही तेच म्हणतो. ती खबर नसते. रामराम घातला की रामराम म्हणतात, तसं ते असतं. माझी बहीण खरंच बरी असते तेव्हा ती कधीच "बरं हाय" म्हणत नाही. तेव्हा ती किरकिर करते. डाळीत खडे आहेत, अक्काला मिठाचा अंदाज नाही, टँकरच्या पाण्याला वास येतो, अमक्या पोरीनं ताटात पोळी टाकली. ती करवादायला लागली की ताई खाली मान घालून हसायची आणि दुसऱ्या बाईकडे वळायची. आणि ज्या गुरुवारी बहीण म्हणायची, "बरं हाय, ताई," त्या गुरुवारी ताई हातातली डाळ खाली ठेवून तिच्याकडे बघायची आणि सगळ्या उठल्या तरी तिच्याजवळ बसून राहायची.

असं बरीच वर्षं चाललं. मग कोरोना आला.

क्लासेस बंद झाले. आईबाप गाड्या करून पोरींना घेऊन गेले. धर्माबाद, बिलोलीकडच्या काही पोरी मात्र अडकल्या. जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास लागत होता आणि पास मिळत नव्हता. मी दिवसभर फोनवर भांडत होते. त्या पोरी वरच्या मजल्यावर, मी खाली, बहीण पत्र्याखाली. झाडाखालची बैठक बंद. चाचांच्या दुकानाला कुलूप.

आणि एक दिवस दुपारी गल्लीतून पोलिसांची जीप गेली. वर भोंगा. "नागरिकांनी घराबाहेर पडू नये. घरातच थांबावं. घरात तुम्ही सुरक्षित आहात."

मी खाली ऑफिसात होते. बाहेर काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला. बघते तर अंगणात गादी पडलेली. वरून दुसरी आली. बहीण वरच्या मजल्यावर गेली होती. जी बाई इतकी वर्षं त्या इमारतीचा जिना चढली नव्हती, ती वर जाऊन पोरींच्या दंडाला धरून त्यांना खाली आणत होती. एक पोरगी केसांत शाम्पूचा फेस तसाच, टॉवेल गुंडाळून. "छोटी मावशी, झालं काय? काय झालं ते तर सांगा!" बहीण काही सांगत नव्हती. पोरींना अंगणातून सरळ रस्त्यावर नेऊन बसवलं, इमारतीपासून लांब, आणि स्वतः त्यांच्यापुढं हात पसरून उभी राहिली.

मी ओरडले, "तुला काय वेडबिड लागलंय का?" हे असं बोलायला नको होतं म्हणतात, पण भर दुपारी संचारबंदीत टॉवेलमधली पोरगी रस्त्यावर बघून कोण काय बोलेल?

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तव्हा त्या जिपा आल्या, म्हनल्या घरात जाऊ नका, घरात जाऊ नका. आता म्हनून राहिले घराबाहेर पडू नका. एकच जीप हाय, अक्का. तोच भोंगा. ते चुकले. तुला कळंना का, ते उलटं बोलून राहिले! लेकरं वर हायती!"

तोवर जीप वळसा घालून परत आली. हवालदार काठी घेऊन उतरला. मी मधे गेले. त्याला म्हटलं, काठी जीपमध्ये ठेवा, मग बोला. तो म्हणाला, नियम मोडलाय. मी म्हटलं, मोडलाय, मला सांगा, मी इथं उभी आहे. मग आवाज उतरवून म्हटलं, भूकंपातली आहे. तो कुठला होता कोण जाणे, पण औसा, निलंगा भागात नोकरी केलेला असणार. त्यानं टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाला, "आत न्या बाई. पोरींना अंगणात बसू द्या. फाटक लावून घ्या, बस." आमच्या फाटकाच्या आत अंगण होतं म्हणून निभावलं. पोरी चार दिवस अंगणात झोपल्या, तेव्हा कुठं तिनं त्यांना वर जाऊ दिलं.

त्यानंतर ती गप्प झाली.

संस्थेचा फोन आला. आता सेवा फोनवरून देणार म्हणाले. मला बरं वाटलं. फोनवर एक नवी मुलगी होती. मुलगी वाईट नव्हती, तिला कागद दिला होता तो ती वाचत होती. मी फोनचा आवाज मोठा करून बहिणीच्या हातात दिला.

"नमस्कार. आपल्याला कसं वाटतंय?"

"बरं हाय."

"आयुष्य निरर्थक वाटतं का?"

बहिणीनं माझ्याकडे बघितलं. "निरर्थक म्हंजी काय गं?" मी तोंड उघडायच्या आत ती फोनमध्ये म्हणाली, "न्हाई."

"मनात वाईट विचार येतात का?"

"कुनाबद्दल?"

तिकडे कागद सळसळला. मग, "म्हणजे... असेच."

"न्हाई बाई," बहीण अगदी मनापासून म्हणाली. "मी कुनाचं वाईट कशाला चिंतू?"

"छान. शक्यतो घरातच राहा, दार लावून घ्या. एखादा छंद जोपासा. काळजी घ्या."

छंद! माझी बहीण छंद जोपासणार. मी तो फोन भिंतीवर आपटला नाही कारण तो माझा स्वतःचा होता.

दर आठवड्याला असंच. कसं वाटतंय, बरं हाय. बहीण इकडे वाळत चालली होती. डाळ निवडायची थांबली. डाळ होतीच थोडी, पोरीही थोड्या. हात मांडीवर ठेवून बाजेवर बसून राहायची. मी त्या मुलीला फोन केला, तर म्हणाली, "त्या स्वतःच म्हणतात ना बरं आहे म्हणून. आमच्याकडे त्या स्थिर आहेत." मी म्हटलं, खांबही स्थिर आहे.

मग मी थेट साहेबांना फोन लावला. साहेब म्हणजे त्या संस्थेचे नांदेडचे प्रमुख. शिकलेला माणूस, गोड आवाज. मी त्यांना विचारलं, "ताई कुठं आहे?"

"त्या घरूनच काम करतात, मावशी. पण फोनवरचे कॉल आम्ही केंद्रातून..."

"मला केंद्र नको. मला ताई पाहिजे. दर गुरुवारी, दुपारी, आणि फोन करताना तिच्या मांडीवर सूप पाहिजे."

"सूप?"

"निवडायचं सूप, साहेब. प्यायचं नाही."

मी त्यांना सगळं समजावलं. फोन हातात धरला की माझी बहीण पाहुणी होते. फोन विटेवर ठेवायचा, आवाज मोठा करायचा, तिच्या मांडीवर सूप, ताईच्या मांडीवर सूप. दोघींनी निवडायचं. मी तिथं थांबणार नाही. ते म्हणाले, असं आमच्या पद्धतीत बसत नाही. मी म्हटलं, तुमच्या पद्धतीत माझी बहीण खांब झाली. अर्धा तास भाव केला. मी वाळूचा भाव करते तसाच. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. बंदी आहे तोपर्यंत असं करू."

"आणि बंदी उठली की?"

"उठली की अर्थातच झाडाखाली पुन्हा सुरू."

"ठरलं?"

"ठरलं, मावशी."

हा शब्द त्यांनी उच्चारला. मी तो ऐकला. दुसऱ्या कुणी ऐकला नसेल, पण तो शब्द दोघांतच असतो.

गुरुवार आला. मी मुद्दाम जास्तीची तूर डाळ काढली, तीही भरड, खड्यांची. वीट मांडली, वर फोन ठेवला आणि नळाशी भांडी घासायला बसले. तिकडून ताईचा आवाज आला. नमस्कार नाही, कसं वाटतंय नाही. आधी नुसता सूप पाखडल्याचा आवाज. मग ताई म्हणाली, "माझ्या मुगात किडे निघाले बघा."

बहिणीनं सूप मांडीवर ओढून घेतलं. थोड्या वेळानं तिच्याही सुपाचा आवाज सुरू झाला. मी नळ बारीक केला. बराच वेळ दोन्हीकडून नुसती डाळ सरकत होती. मग माझ्या बहिणीचा आवाज आला, चांगला खणखणीत.

"किड्याचं काय घेऊन बसलाव, ताई. आमच्या अक्कानं डाळ आनली हाय, निम्मी खडेच हायती. एवढी हॉस्टेलची मालकीन, आन् डाळ आनती असली. चिकटपना लई."

मी भांडी घासत राहिले. नंतर आवाज खाली गेला, मला शब्द ऐकू आले नाहीत आणि मी ऐकायलाही गेले नाही. फक्त 'जीप' हा शब्द दोनदा आला.

तिथून ती सावरली. पुढं ताईनं बाकीच्या बायांनाही एकाच फोनवर जोडलं. एकीकडे फोन नव्हता, तिला चाचांनी आपला दिला, खिडकीतून, कापडात गुंडाळून. दर गुरुवारी गल्लीत घराघरातून सुपं वाजायची. मी एवढ्या वर्षांत नवससायास केले नाहीत, पण त्या आवाजासाठी केला असता.

संस्थेला ते इतकं आवडलं की एक दिवस गाडी आली. मास्क, हातमोजे, सगळा सरंजाम. फोटो काढायला. बहिणीचे हात, सूप, विटेवरचा फोन. ताई गाडीत नव्हती. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. बैठकीला यायला बंदी आहे आणि फोटोला यायला नाही?

बंदी उठली. क्लासेस उघडले, पोरी ट्रंका घेऊन परत आल्या, लग्नाच्या वराती निघाल्या, गणपती बसले, बुडाले. चाचांनी दुकान उघडलं आणि पहिल्याच गुरुवारी झाडाखाली सतरंजी टाकून ठेवली. कुणी आलं नाही. मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, अजून वरून आदेश नाही. पुढच्या वेळी म्हणाले, नियोजन चालू आहे. मग फोन उचलेनासे झाले. ताईचा एक फोन आला, रडवेला. तिचा करार संपवला होता. ती दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला चालली होती. बहिणीशी बोलली, सूप न घेताच. बहीण म्हणाली, "बरं हाय, ताई. तुमी बऱ्या ऱ्हावा."

आणि त्यानंतर फोन यायला लागला तो माणसाचा नाही. भरून ठेवलेला आवाज. "नमस्कार. आपले मानसिक स्वास्थ्य आमच्यासाठी महत्त्वाचे आहे. बरे असल्यास एक दाबा. बरे नसल्यास दोन दाबा."

माझ्या बहिणीनं एक दाबलं. दर आठवड्याला एक दाबते.

मी म्हटलं, "अगं, तू बरी नाहीस. दोन दाब."

"पोरगी बिचारी एवढ्या अदबीनं विचारून राहिली," ती म्हणाली. "तिला दोन कसं दाबू?"

"ती पोरगी नाही! मशीन आहे ते!"

"असंल. तरी."

एकदा मीच तिच्या हातातून फोन ओढून दोन दाबलं. आवाज म्हणाला, आपला प्रतिसाद नोंदवला आहे, आमचे प्रतिनिधी लवकरच संपर्क साधतील. मी आजही वाट बघते आहे. माझ्या टँकरवाल्यानं असं केलं असतं तर त्याला लातुरात टँकर फिरवणं मी अवघड केलं असतं.

चाचा एके दिवशी सतरंजीची घडी करत म्हणाले, "बाई, झाड तो हैच ना. झाड को तो उठाके नहीं ले गए." मी म्हटलं, "झाड आहे चाचा, बैठक घ्यायला माणूस नाही." मी स्वतः बसून पाहिलं सूप घेऊन. उपयोग नाही. ती माझ्याशी बोलत नाही, कारण मी तिची बहीण आहे. जे भूकंपाबद्दल ती मला सांगत नाही, ते ताईला सांगायची कारण ताई नात्यातली नव्हती, आणि अनोळखीही राहिली नव्हती. असं माणूस बाजारात मिळत नाही. मी सगळा बाजार ओळखते.

या उन्हाळ्यात मी एक केलं. वरणात मुद्दाम मूठभर मीठ जास्त घातलं. पोरींसाठी वेगळं काढून ठेवलं होतं. हे भगुनं फक्त आम्हा दोघींसाठी. तिला वाढलं आणि समोर बसले. एरवी तिनं पहिल्या घासाला ताट सरकवून मला ऐकवलं असतं, "अक्का, समुद्रावर गेलतीस का?" मी तेवढ्याच वाक्याची वाट बघत होते. ती सावकाश जेवली. वरण पुसून खाल्लं. मी विचारलं, "वरण कसं झालंय?"

"बरं हाय," ती म्हणाली.

मी दुसऱ्या दिवशी पहिली बस धरून नांदेडला गेले.

कार्यालय आता मोठं झालं आहे. थंडगार हवा, काचेचं दार. साहेबांच्या खुर्चीमागे भिंतीवर तो फोटो आहे, हा एवढा मोठा करून. माझ्या बहिणीचे हात, सूप, माझ्या अंगणातली वीट. खाली काहीतरी सन्मान मिळाल्याचं लिहिलेलं. साहेबांनी चहा मागवला.

"मावशी, तुमचीच आयडिया. आता हे मॉडेल आम्ही सगळीकडे नेतोय."

"कुठलं मॉडेल?"

"फोनवरून सेवा. प्रवास नाही, जागा नाही. कमी माणसांत जास्त लोकांपर्यंत पोचतो."

"साहेब, त्या फोटोत फोनच्या दुसऱ्या टोकाला एक बाई होती. ती फोटोत दिसत नाही म्हणून तिला काढून टाकलं का?"

ते हसले. म्हणाले, कराराच्या काही अटी असतात, देणगीदारांचे काही नियम असतात.

"बंदी उठली की झाडाखाली पुन्हा सुरू, असं तुम्ही म्हणाला होतात."

"तसं म्हणालो असेन. परिस्थिती बदलते ना, मावशी."

"परिस्थिती बदलली की माझा वाळूवाला निदान फोन करून सांगतो."

"तुम्ही मागणीचा रीतसर अर्ज द्या, आम्ही विचार करू. आणि तुमच्या भगिनी तर आमच्याकडे बऱ्या आहेत. मी आत्ताच पाहिलं. सलग 'एक' येतंय."

मी चहा तसाच ठेवला. तिथं मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. काचेच्या दाराबाहेरची माणसं उठून उभी राहिली एवढं सांगते. परत येताना बसमध्ये मला साधी गोष्ट कळेना. एवढे शिकलेले लोक, मनाचा आजार शिकलेले, आणि त्यांना आमचं 'बरं हाय' कळत नाही? की कळतं, आणि सोयीचं आहे म्हणून मोजतात?

म्हणून हे लिहिलं. साहेब, अर्ज मी देणार नाही. जे ठरलं होतं त्याला अर्ज लागत नाही. गुरुवारी लातूरला या. गाडीनं या, फोटोला गाडी आली होती तशीच. चाचा सतरंजी टाकतील, सूप मी देईन, डाळ खड्यांचीच देईन. माझ्या बहिणीसमोर मांडी घालून बसा, सुपात हात घाला, आणि बैठक का बंद केली ते तिला तुमच्या तोंडानं सांगा. ती "बरं हाय" म्हणेल. तेव्हा उठू नका. डाळ खाली ठेवा आणि बसून राहा. कुणाला तरी याचं उत्तर द्यावं लागेल, आणि ते फोनवर चालणार नाही.